पुढच्या चाकांतली घूं

जगात बिघडलेली नाही अशी वस्तू नसतेच, फक्त ती अजून आमच्या साडूंच्या हाती लागलेली नसते. हे माझं मत नाही, त्यांचं आहे, आणि ते त्यांनी आमच्या वास्तुशांतीला, नव्या फ्रिजच्या पाठीला कान लावून, भटजींसमोर बोलून दाखवलं होतं. ‘कॉम्प्रेसर दोन महिन्यांचा सोबती हाय,’ असं त्यांचं निदान होतं. त्याला आठ वर्षं झाली. फ्रिज आजही पाणी गार करतो आणि साडू आजही ते पिताना मान हलवतात, म्हणजे फ्रिजने दगा दिला असला तरी आपण त्याच्यावर राग धरलेला नाही, असं दाखवतात. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते मात्र मला ‘पाव्हणं’ म्हणतात. ते सानपाड्याला राहतात आणि मी नेरूळला. बावीस वर्षं दर रविवारी एकमेकांकडे जेवतो आहोत, पण त्यांचं मूळ गाव साताऱ्याकडचं असल्यामुळे त्यांच्या लेखी मी अजून पाहुणाच आहे.

दाजींची सगळी नोकरी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला झाली. तिथे म्हणे मोठमोठी यंत्रं ते नुसत्या कानाने ओळखत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्रावर, मूठ कानाच्या मागे, डोळे मिटलेले, आणि मग निकाल. कारखाना बंद पडला तेव्हा दाजी आपल्या हत्यारांची लोखंडी पेटी घेऊन घरी आले. यंत्रं तिकडेच राहिली, कान मात्र बरोबर आला, आणि तिथून आम्हा नातेवाइकांच्या हालांना सुरुवात झाली. मिक्सर, गिझर, सोसायटीचा पंप, लिफ्ट, मेव्हण्याचा दमा, सगळ्यांवर स्क्रूड्रायव्हर टेकवून झाला. मिक्सरची बुश गेली म्हणून तो उघडला, तेव्हापासून तो चटणी न वाटता भिंतीवर उडवतो. दमा तेवढा डॉक्टरांच्या औषधाने बरा झाला, पण त्याचं श्रेय कुणाला हा प्रश्न घरात अजून मिटलेला नाही.

ती पेटी त्यांच्या फ्लॅटच्या पॅसेजमध्ये असते. असते म्हणजे ठाण मांडून असते. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या पायाचं बोट तिच्यावर आपटतं आणि त्यावर दाजी ‘जपून, हत्यारं हायत आत’ असं हत्यारांच्या काळजीने म्हणतात. अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझी थोरली मेव्हणी, कारखाना बंद पडल्यापासून या पेटीबरोबर संसार करते आहे. आता मुलाचं लग्न ठरलं, सून येणार, घरात पाय ठेवायला जागा हवी, आणि अक्काने पेटीकडे पाहून दीर्घ श्वास घ्यायला सुरुवात केली.

नेमक्या त्याच सुमारास, दसरा नुकताच होऊन गेला असताना, माझी गाडी गुणगुणायला लागली. चाळीसच्या पुढे गेलं की पुढच्या चाकांतून घूं असा आवाज, वेग वाढेल तसा चढत जाणारा. मी एक चूक केली. रविवारच्या जेवणात हे बोलून गेलो. दाजींच्या हातातला घास तसाच राहिला. ‘बेअरिंग,’ ते म्हणाले. अक्काने भाकरी वाढता वाढता शांतपणे सांगितलं, ‘फ्रिज झाला, मिक्सर झाला. या खेपेला चुकलात तर पेटी भंगारवाल्याला द्यायची. सगळ्यांसमोर बोलते.’ दाजींनी घास गिळला आणि म्हणाले, ‘कबूल.’ आम्ही नऊ जण साक्षीला होतो.

पैजेवर पेटी लागल्यावर दाजींनी काही घाई केली नाही. निदान शास्त्राने होणार होतं. पहिली पायरी म्हणजे गाडीत कुणी बोलायचं नाही, एसी बंद, काचा वर, आणि ऑक्टोबरच्या उन्हात पामबीच रस्त्यावर साठच्या वेगाने सरळ जायचं. दुसरी पायरी भाराची. गाडी डावीकडे वळली की भार उजव्या चाकावर येतो, त्या वेळी आवाज वाढला तर उजवं बेअरिंग गेलं, आणि उलट तर डावं. हे पटण्यासारखं होतं. पण भार नीट कळावा म्हणून त्यांनी घरातली माणसं वजनाप्रमाणे निवडली आणि एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी बसवली. माझ्या बायकोला ‘तू मागं उजवीकडं बस, तुझा उपयोग हाय’ असं सांगण्यात आलं. त्यावर ती चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही, पण बसली उजवीकडे.

रिकाम्या रस्त्यावर डावीकडे-उजवीकडे झोकांड्या देत जाणारी गाडी ट्रॅफिक हवालदाराला दिसली नसती तरच नवल. त्याने बाजूला घेतलं आणि काच खाली करायला लावून मला विचारलं, ‘काय काका, दुपारीच?’ मी काही बोलायच्या आत दाजींनी बोट ओठांवर ठेवलं आणि म्हणाले, ‘बेअरिंग ऐकतोय, साहेब.’ हवालदाराने आत पाहिलं. मागच्या सीटवर तीन माणसं एका दाराला चिकटून बसलेली. त्याने थोडा विचार केला आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘माझ्या बाइकचा पण एक आवाज येतो ओ. खटक खटक. बघता का जरा?’ दाजी उतरले, बसून मागचं चाक हाताने फिरवलं, चेन सैल आहे म्हणाले. ती खरंच सैल होती. आम्हाला त्याने सलाम करून सोडलं, आणि परतीच्या वाटेवर दाजींच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते त्यांच्या लग्नाच्या फोटोतही नाही.

तीन रविवार हे चाललं. अडचण एकच होती, आवाज डावीकडे वळलं तरी तेवढाच आणि उजवीकडे वळलं तरी तेवढाच. दुसऱ्या कुणाला इथे शंका आली असती. दाजींनी पार्किंगमध्ये गाडी जॅकवर घेतली, चाकं फिरवून स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, बराच वेळ आपल्याशीच काही पुटपुटले आणि निकाल दिला, ‘दोन्ही गेलीत. जोडीनं.’ अक्काने तो ऐकला आणि फक्त पेटीकडे पाहिलं.

सोमवारी मी गाडी गॅरेजला न्यायला निघालो. वाटेत हवा भरायला म्हणून टायरच्या दुकानात थांबलो. दुकानदार नेरूळच्याच सारसोळे गावचा, अर्धं आयुष्य टायर चढवण्यात गेलेलं. हवा भरता भरता तो थांबला आणि म्हणाला, ‘दादा, यो बान बगा. चाक बानाच्या अंगानं फिराला पायजे. तुमची पुढची दोनी उलटी फिरतान. कोनी चढवली ही?’ मागच्या वर्षी मी एकाच दिशेने फिरणारे टायर घेतले होते, त्यांच्या बाजूला तसा बाण कोरलेला असतो, हे मला तेव्हा कळलं. आणि ती चाकं कुणी चढवली तेही लगेच आठवलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मी ऑफिसात असताना, माझ्या गाडीची पूजा नीट व्हावी म्हणून आमच्याकडे येऊन, गाडी ठोकळ्यांवर घेऊन, पुढची दोन्ही चाकं काढून, साबणाने घासून, उन्हात शेजारी शेजारी वाळवून परत लावणारा माणूस या नवी मुंबईत एकच होता. मागची चाकं वाचली, कारण मधेच अक्काचा जेवायला या म्हणून फोन आला.

दुकानदाराने डाव्या-उजव्या चाकांची अदलाबदल केली. आवाज उतरला आणि दोन दिवसांत नाहीसा झाला. मला हसू यायला हवं होतं. बावीस वर्षांचा सूड माझ्या हातात आयता आला होता. पण माझ्या डोळ्यांपुढे ती पेटी भंगारवाल्याच्या हातगाडीवर दिसायला लागली आणि मला ते बघवेना. रविवारी मी सगळ्यांसमोर सांगितलं, ‘दाजी म्हणाले तेच. बेअरिंगच होतं. दोन्ही बदलली.’ अक्काने भात वाढला. दाजींनी भात कालवला आणि सहज विचारलं, ‘जुनी कुठायत?’

मेंटेनन्सचा माणूस जुना पार्ट बघितल्याशिवाय जेवत नाही, हे मी विसरलो होतो. गाडीत आहेत म्हणून मी खाली पळालो, कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याच्या हातापाया पडलो आणि त्याच्या कचऱ्यातून एक काळंकुट्ट बेअरिंग घेऊन आलो. ‘दुसरं तिकडेच राहिलं,’ असं सांगितलं. दाजींनी ते हातात घेतलं, बोटाने फिरवलं, कानाजवळ नेलं. मग ते उठले, ‘या जरा’ म्हणाले, आणि मला घेऊन पार्किंगमध्ये आले.

‘हे टेम्पोचं हाय, पाव्हणं,’ ते म्हणाले. ‘तुमच्या गाडीत बसायचंच न्हाई.’ मग ते गाडीच्या पुढच्या चाकाशी वाकले. नटांवर नवे ओरखडे होते. त्यांनी टायरवरून हात फिरवला, बाणाशी थांबले आणि तिथेच खाली बसले. ‘महिनाभर कान लावून बसलो. डोळं उघडून बघितलंच न्हाई.’

मी म्हणालो, ‘जाऊ द्या ना दाजी. कुणाला कळलंय?’

‘मला कळलंय ना. आन् उद्या कुणाची गाडी अशी वाजली तर ही सगळी बेअरिंग बेअरिंग म्हणत बसतील. चुकीचं निदान मागं ठेवून कसं जायाचं?’

वर जाऊन त्यांनी सगळं सांगितलं. चाकं आपण धुतली, आपणच उलटी लावली, पाव्हणे आपल्यासाठी खोटं बोलले. अक्का पदराने टेबल पुसत राहिली. मग म्हणाली, ‘राहू दे ती पेटी. मी रागात बोलले होते.’ दाजी म्हणाले, ‘कबूल केलं होतं मी.’ इतकी वर्षं या माणसाची टिंगल करण्यात मी धन्यता मानली, पण त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली, हे सांगून टाकतो.

भंगारवाल्याच्या आधी मी पोचलो. पेटी आता माझ्या घरी, दिवाणाखाली आहे. दाजी दर रविवारी येतात, पाने-पकडी काढतात, तेलाच्या फडक्याने पुसतात आणि परत ठेवतात. लिफ्ट कुरकुरते, ते ऐकत नाहीत. आमचा पंखा खडखडतो, ते वर पाहत नाहीत. कुणी काही विचारलं तर ‘गॅरेजला दाखवा’ म्हणतात, पंखा असला तरी.

परवा मला राहवेना. गाडीतून मागून कसला तरी आवाज येतो आहे, अशी थाप मारली. ते नको नको म्हणत बसले. मी न सांगता एसी बंद केला. पामबीच रस्त्याला लागल्यावर त्यांनी डोळे मिटले. दोन सिग्नल गेले. मग ते म्हणाले, ‘काय न्हाई, पाव्हणं. गाडी ठणठणीत हाय.’ बरोबर होतं. पण त्यांनी डोळे उघडले नाहीत, आणि मीही गाडी वळवली नाही. बेलापूर येईपर्यंत दुसरं काही न मागता मी एवढंच मागत होतो, की निदान एखादा बोल्ट तरी सैल निघू दे.