बांधीचं कपाट

जिल्ह्यातल्या जुन्या ग्रंथपालांच्या आठवणी रेकॉर्ड करून पुस्तक काढायचं काम मी अंगावर घेतलं, तेव्हा पहिलं घर ठरलेलंच होतं: लाखांदूरच्या काकाजींचं. रीतसर शिकून आलेले तालुक्यातले पहिले ग्रंथपाल तेच. मी आज कॉलेजात ग्रंथालयशास्त्र शिकवते, पण पुस्तकांचं वेड त्यांच्याच वाचनालयात लागलं.

घाई होती. काकाजींच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि नंतर आवाज राहील, असं डॉक्टर काही छातीठोकपणे सांगत नव्हते.

काकाजी इस्त्रीचा सदरा घालून, केस चोपून बसले. मी मोबाईल सुरू केला आणि यांना कोणी बदलून टाकलं की काय असं वाटलं. "सदर ग्रंथालयात तृणधान्यविषयक ग्रंथांचे वर्गीकरण मी शास्त्रीय पद्धतीने केले." सगळं असंच. आयुष्यभर मले-तुले बोललेला माणूस! माझं डोकंच फिरलं, पण आजारी माणसावर चिडायचं तरी कसं? ते शिकायला गेले होते तेव्हा त्यांच्या 'मले'वर अख्खा वर्ग हसला होता, हे मला ठाऊक होतं.

काकूंना ऐकवलं. त्यांनी मोबाईल कानाशी धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

"हा कोन बोलून राहिला?"

"काकाजीच की, काकू."

"हा मानूस माह्या घरात कधी बोललाच नाही. उद्या आवाज गेला त मी काय आयकू? ह्या रेडिओवाल्याले?" आणि त्या रडायलाच लागल्या.

काकाजी ओशाळले. "अवो, पुस्तकात छापून येनार हाये. लोक हासतील नं."

"हासू द्या. मले तुमचा आवाज पायजे."

मी मोबाईल पुन्हा सुरू केला, तसं सांगितलंही, आणि म्हटलं, "माझ्याकडे नका बघू. काकूंना बांधीच्या कपाटाची गोष्ट सांगा."

झालं होतं असं, की धानाच्या पुस्तकांच्या कपाटावर आधी 'तृणधान्ये' अशी पाटी होती आणि त्याकडे कोणी फिरकत नव्हतं. काकाजींनी ती काढून 'बांधी' लिहिलं. धानाच्या शेताच्या तुकड्याला आमच्याकडे बांधीच म्हणतात. लोक पुस्तकं न्यायला लागले. वाचक ज्या शब्दाने मागतो त्याच शब्दाने पुस्तक सापडावं, हे तत्त्व मी आता वर्गात फळ्यावर लिहून शिकवते. पण तपासणीला आलेल्या बाहेरगावच्या साहेबांना वाटलं, 'बांधणी' लिहिताना 'ण' राहिला. त्यांनी पुस्तकबांधणीची झाडून सगळी पुस्तकं त्या कपाटात लावून घेतली.

"सुई, दोरा, खळ!" काकाजी आता रंगात आले होते. "एक शेतकरी पुस्तक वापस घेऊन आला नं मले म्हनते, भाऊ, बांधीले खत टाकाचा का खळ लावाची?"

ही गोष्ट काकूंनी किती वेळा ऐकली असेल कोण जाणे, तरी त्या पोट धरून हसल्या. हसता हसता काकाजींना ठसका लागला. "अवो, पानी आन नं वो!" ते ओरडले. काकू त्यांना खेटूनच बसल्या होत्या.

ते रेकॉर्डिंग मी काकाजींच्या मोबाईलवर पाठवून दिलं. ऑपरेशन नीट झालं. आवाज मात्र गेला.

काही महिन्यांनी मी छापलेलं पुस्तक घेऊन गेले. त्यातलं एकही 'मले' मी बदललं नव्हतं. काकाजी ओसरीवर बसून रिकाम्या पेल्यावर चमचा वाजवत होते. मला पाहून गोड हसले, पण चमचा काही थांबला नाही.

"चमचा कायले वाजवता?" आतून काकू कडाडल्या. "मोबाईल लावा!"

काकाजींनी चष्मा चढवला, मोबाईलवर बोट फिरवत शोधलं आणि दाबलं.

"अवो, पानी आन नं वो!"

"आली, आली," म्हणत काकू तांब्या घेऊन बाहेर आल्या.