सुपरकॉम्प्युटरचं रुखवत

अमरावतीच्या एका संशोधन संस्थेत सुपरकॉम्प्युटर आला, तेव्हा भावना खंडारे इतकी हरखली की मूर्तिजापूरला आईकडे पेढे घेऊन गेली. बाहेरच्या देशांनी एके काळी असल्या मशीन द्यायला साफ नकार दिला, म्हणून आपल्या लोकांनी जिद्दीनं स्वतः घडवल्या, आणि त्यातली एक थेट वऱ्हाडात! भावना संस्थेत हवामानाचा अभ्यास करी. तिचं दुखणं एकच. पावसाच्या अंदाजाच्या मोठ्या नकाशात अख्खा वऱ्हाड एका रंगाचा दिसे. अकोला कोरडं आणि अमरावतीला झडी लागलेली, तरी रंग तोच. तिला गावागावाचा बारीक नकाशा काढायचा होता, आणि तोही पेरणीच्या आत. गणित तयार होतं. मशीन फक्त चार दिवस न थांबता चालायला हवी होती.

पण मशीन चालेल तर शपथ!

कारण संचालक होते खुशालराव. देशाची मशीन या गृहस्थांनी रुखवतासारखी मांडून ठेवली होती. काचेची खोली, त्यावर मखमली पडदा, दाराशी चपला काढायची पाटी. खंडेनवमीला झेंडूचा हार आणि कुंकवाची पाच बोटं. पाहुणे आले की निळे दिवे लावायचे, फोटो काढायचे, दिवे बंद. नाव सुपर आणि काम काय, तर फोटोत मागं उभं राहायचं! शेंदूरजनाघाटला खुशालरावांची संत्र्याची बाग होती. तिच्या पाण्याची काळजी त्यांना रोज असे, मशीनची आठवण मात्र पाहुणे आले तरच.

"सर, मले चार दिवस मशीन पाह्यजे," भावना दर महिन्याला जाऊन सांगे.

"अन् तापली तं? बिघडली तं? उद्या दिल्लीहून कोनी आलं, तं तोंड कसं दाखवू?"

"चालवाले दिली हाय ते आपल्याले."

"मॅडम, तुमी लयच घाई करून राहिल्या."

काय म्हणावं अशा माणसाला? धनावर बसलेला नाग तरी परवडला, तो निदान भाषणं ठोकत नाही.

आईला, इंदूबाईला, हे ऐकून हसू आवरेना. "माय वो! आपल्या शोकेसातल्या कपातबी भीमजयंतीले चहा पडते. तुमच्या सायबाची मशीन त्याच्याहूनबी गेली." मग हसू थांबवून म्हणाली, "अन् तू काय करून राहिली? पेढे वाटले अन् बसली?"

ते भावनाला झोंबलं. खुशालरावांची चीड होतीच, आता स्वतःचीही येऊ लागली.

जूनच्या सुरुवातीला खुशालराव नागपूरला भाषणाला गेले. विषय होता, 'संगणनात स्वावलंबन'. भावनानं पडदा ओढून फेकला, वाळलेला हार कचऱ्यात टाकला आणि गणित सुरू केलं. मशीनचे पंखे असे घोंघावले की शिपाई नितेश धावत आला.

"मॅडम, फुटते का काय हे?"

"काम करून राहिली रे. तू कधी पाह्यलं नाही ना, म्हणून."

दुसऱ्या दिवशी खुशालराव तणतणत आत आले. "कोनाले इचारून चालू केली? बंद करा! आत्ताच्या आत्ता!"

"मी नाही करत. तुमी करा, सर. समोरच हाय."

खुशालराव तावातावानं पुढे झाले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, खाली वाकले. जिच्याजवळ उभं राहून एवढे फोटो काढले, ती बंद कशी करायची हे त्यांना ठाऊकच नव्हतं! कुंकू कुठे लावायचं तेवढं माहीत. नितेशनं भिंतीकडे तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. भावनाला दया आली नाही. का यावी?

शेवटी ते स्क्रीनजवळ येऊन थांबले. एकेका तालुक्याचं गणित सुटत होतं. अकोला एका रंगात उमटलं होतं, मूर्तिजापूर दुसऱ्या. खुशालराव वाकून नकाशावर बोट फिरवू लागले. मग आवाज खाली आला.

"याच्यात शेंदूरजनाघाट कुठी हाय?"

"ते परवा निघन, सर," भावना म्हणाली. "कोनी मशीन बंद नाही केली तं."