उलट्या वाऱ्यावर आलेला बोया

भूतबित, दर्यातनं हाका येतात, असलं मी कधी मानलं नाय. मानायला वेळ कुठं होता... सकाळी पाटी घेऊन बोईसर, दुपारी येऊन मासळी वाळवायची. मी पालघरकडच्या दांडी गावची कोळीण. लिहिता येत नाय, शेजारची सुनीता मोबाईलवर टाईप करते हाय. "मावशी, सावकाश बोला," म्हणते.

माझी पोर दर्शना मांडीवर होती, तवा तिच्या बापसाची होडी गेली ती आलीच नाय. माणूस नाय, जाळं नाय, फळी पण नाय. रडून पोट भरत नाय, मी पाटी उचलली. बोईसरला बाया म्हणायच्या, "मौसी, बासी लग रहा है." ताज्या मासळीला शिळी म्हटलेलं ऐकायचं नि विकायचं. पोर शिकली. पालघरला कॉलेज, मंग मुंबई, मंग परदेश.

ती काय करते ते मला पाठ हाय. आभाळात जाम लांबनं कण येतात. डोळ्याला दिसत नाय, पण एखाद्यात जोर असा की विचारू नका. असला क्वचितच येतो. हवेत फुटतो नि त्याचा फवारा खाली पडतो. तिकडं माळावर लांब लांब पाण्याच्या टाक्या ठेवल्यात, मधनं गाई चरतात. फवारा टाकीत शिरला की आत चमकतं. त्यावरनं माझी पोर काढते, कण कुठल्या बाजूनं आला.

"मंग निघाला कुठनं ते पण कळत असेल," मी विचारलेलं.

"नाय ना आये. वाटेत वळतो. पाण्याच्या ओढीनं होडी सरकते तसा."

एका थंडीत ती घरी आली, पार सुकलेली. मी बोंबील बांबूवर घालत होते, जबड्यात जबडा अडकवून. ती पण घालायला लागली.

"आये, मी सोडते हाय. इतकी वर्षं झाली, एकाचं पण घर सापडलं नाय. बोईसरला कारखान्याच्या लॅबमधी नोकरी हाय. तुझ्याजवळ राहीन."

"बघ बाय. तुझं तू," मी म्हटलं. एवढं शिकून परत बोईसरच... पण हात थांबवला नाय.

मंग हात धुवायला पाण्याशी गेले. भर दुपार, ओहोटी लागलेली, वारा जमिनीवरनं दर्यात. अशा वक्ताला काय किनाऱ्याला लागत नाय, उलट आपली चप्पल वाहून जाते. नि समोरनं एक बोया आला, जाळं तरंगायला बांधतात तो. सरळ माझ्या पायाशी.

उचलला तर माझी खूण. आमच्यात प्रत्येक घर आपल्या बोयावर खूण करतं, हरवला तर वळखता यावा म्हणून. मी तापल्या सळईनं मासा काढलेला, हात घसरून शेपटी वाकडी झालेली. तिचा बापूस हसलेला, "लंगडा मासा काढलास गं." तोच मासा, त्याच्या होडीबरोबर गेलेला. नि एवढी वर्षं दर्यात राहून त्याला शेवाळ नाय, शिंपला नाय.

दर्शना धावत आली. मुठीतनं सुकी रेती सोडून वारा बघितला. मंग बोया परत पाण्यात टाकला — तो बाहेर बाहेर जायला लागला. कंबरभर पाण्यात जाऊन तिनं आणला.

"आये, हा इकडं येऊच शकत नाय."

"मंग काय, आला नाय म्हणू?"

ती ओल्या कपड्यानं तिथंच बसली, बोया मांडीवर घेऊन. मंग म्हणाली, "आलाय तर आलाय. कुठल्या बाजूनं, तेवढं आपण लिहून ठेवायचं." नि त्यावर मार्करनं बाण काढला. नोकरीचं परत बोलली नाय. सुट्टी संपली तशी परत तिकडं टाक्यांकडं गेली.

परवा फोन आला. आभाळाच्या एका बाजूनं असले कण जरा जास्त येतात, ते शोधून काढणाऱ्यांत माझी दर्शना पण हाय. मी बाजारात सगळ्यांना सांगितलं. एकजण म्हणाली, "म्हणजे निघतात कुठनं ते सापडलं?"

"नाय सापडलं. शोधते हाय," मी मान वर करून सांगितलं.

बोयाचं पण तसंच. कसा आला ते तिला नाय सांगता आलं, मला नाय, होड्या हाकून म्हातारे झालेल्या तांडेलांना पण नाय. दारात टांगलाय, बाण दर्याकडं करून. वाऱ्यानं फिरला की मी उठते नि परत सरळ करते.