सशाच्या कानाची गोष्ट

मनोहर गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाशीमच्या माझ्या दवाखान्यात एका पेशंटच्या तोंडात टॉर्च मारून पाहत होतो. हृदयविकाराचा झटका, जागच्या जागी. खरं सांगतो, रडू यायच्या आधी मनात आलं, आता आईची तंबाखू कोण आवरणार? आणि लगेच चीड आली, की हा प्रश्न तिच्या डॉक्टर मुलाला पडावाच का? मेल्यावरही या माणसानं मला जळवायचं सोडलं नाही.

आम्ही आसेगावचे, शाळेत एका बाकावरचे. मी डॉक्टर झालो, तो कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवू लागला. आईच्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला तेव्हा मी रागावलो, फोटो दाखवले, शपथा घातल्या. ती म्हणायची, "तू डाक्टर हायेस, तुले सारेच बिमार दिसतात." मग एका दुपारी मनोहर आला आणि कॅन्सर कशानं होतो हे माणसाला कसकसं कळत गेलं, ते सांगत बसला. लंडनमध्ये धुराडी साफ करणारे लोक, त्यांच्या अंगावरची काजळी... रोग त्या काजळीतून येतो, हे एका डॉक्टरनं ओळखलं. पण सिद्ध कसं करायचं? पुढे कितीतरी वर्षांनी जपानात दोघांनी सशांच्या कानाला डांबर चोळायला घेतलं. महिन्यामागून महिने गेले, हे चोळतच राहिले. शेवटी कानावर गाठ आली.

"अन् सशाले ठावं होतं का, कायले चोळून राह्यले?" आईनं विचारलं.

"नाही मावशी, त्याले कोणी इचारलंच नाही... तुमाले तं ठावं हाये."

आईनं गालातली चिमूट थुंकली आणि मनोहरला शब्द दिला. त्याला! मी शेजारीच बसलो होतो. चट्टा हळूहळू फिका पडला आणि गावभर झालं की मनोहरनं मावशीची तंबाखू सोडवली. आयत्या बिळावर नागोबा. त्याच्याचकडून मी ऐकलं होतं, की तेव्हाचं मोठं बक्षीस डांबरवाल्यांना मिळालंच नाही. उंदरांना किड्यांमुळे कॅन्सर होतो म्हणणाऱ्याला मिळालं, आणि ते पुढे चुकीचं निघालं. ही हकिगत मला फार आवडायची. मनातल्या मनात डांबर चोळणारा मी होतो आणि बक्षीस नेणारा तो. अडचण एवढीच, की मनोहर चुकीचं काही सांगत नव्हता.

त्याच्या तेरवीहून परतलो आणि दुसऱ्याच दिवशी आईच्या तळहातावर तंबाखू दिसली.

"त्याले शब्द देला होता," ती म्हणाली. "तोच नाही राह्यला, आता कोनासाठी पाळू?"

माझ्यासाठी पाळ, हे ओठांवर आलं होतं. पण ती नाही म्हणाली असती तर? मी तिच्यापुढे बसलो आणि सशाची गोष्ट सुरू केली.

"थांब. पयले धुराड्याचे लोकं. तुले काही जमत नाही, मी सांगते."

ती सांगू लागली, थेट त्याच्यासारखे हातवारे करत, त्याच्यासारखीच मध्ये थांबत. हातवाऱ्यांत तंबाखू कधी सांडली, तिला कळलंही नाही.

आता रोज दुपारी ती चिमूट मळायला घेते आणि मी गोष्ट सुरू करतो. दर वेळी चुकतो, मुद्दाम. "मनोहर असं नोयता सांगत," म्हणत ती माझी गोष्ट तोडते, आणि मला अजूनही तितकंच झोंबतं.