माहेरची पेटी आणि भासऱ्यांचं डोकं

ज्या वस्तूच्या आत एक बल्ब टांगता येतो ती वस्तू आमच्या भासऱ्यांच्या मते मुळात पिल्लांसाठीच जन्माला आलेली असते; मधल्या काळात माणसं ती उगाच स्वतःसाठी वापरून घेतात. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. अनसिंगजवळच्या आमच्या गावात कोणी कोंबडीची पिल्लं आणली की त्यांच्या उबेची सोय करायला यांना बोलावतात, आणि नाही बोलावलं तरी हे जातात. अशी पेटी बाजारात तयार मिळते एवढं कोणी नुसतं म्हटलं, तरी यांना घरच्यांना शिवी दिल्यासारखं लागतं. फुटका रांजण, तेलाचा पिपा, टीव्हीचं खोकं, त्यांना काहीही चालतं. फक्त ते दुसऱ्याचं असावं लागतं. आमचा कूलर त्यांनी थंडीत उसवला तो उसवलाच. पुढे ऐन मे महिन्यात आम्ही घामाने निथळत बसलो होतो आणि त्याच्या पत्र्याआड शेजाऱ्यांच्या कोंबड्या नांदत होत्या. ओसरीतला बल्ब तर आमच्याकडे पाहुण्यासारखा येतो, चार दिवस राहतो आणि कोणाच्या तरी पिल्लांकडे निघून जातो.

आत ऊब नेमकी झाली का, हे पाहायला ते थर्मामीटर लावत नाहीत, स्वतःचं डोकं घालतात. डोकं पेटीत, बाकीचा देह अंगणात, अशा अवस्थेत त्यांच्या दुपारच्या दुपारी जातात. गावातली निम्मी माणसं त्यांना चेहऱ्यापेक्षा तळपायांवरून लवकर ओळखतात. एकदा विजेचं बिल वाटणारा माणूस बिल त्यांच्या पायाच्या बोटांत खोचून गेला, तरी यांना पत्ता नाही. पिल्लं बोलतात आणि ते त्यांना कळतं, असा त्यांचा दावा आहे. माणसांचं बोलणं मात्र त्यांना फारसं ऐकू येत नाही. "इकतच्या पेटीत पिल्लू जगते," ते म्हणतात, "पण त्याले घर नाई वाटत." पिल्लाला घर वाटावं म्हणून आमचं घर रिकामं होत जातं, याबद्दल त्यांना काहीच वाटत नाही.

हा सगळा राग मी कधीच तोंडावर काढून मोकळी झाले असते, पण तिथेच तर अडतं. आमच्या घरी धाकट्या सुनेने भासऱ्यांशी समोरासमोर बोलायचं नाही आणि त्यांनीही सुनेशी बोलायचं नाही. गावात आता हे कोणी फारसं पाळत नाही. आमचे भासरे पाळतात, आणि ते पाळतात म्हणून मला पाळावं लागतं. त्यामुळे लग्न झाल्यापासून आमची सगळी भांडणं अंगणात बांधलेल्या बकरीमार्फत झाली आहेत. मी बकरीला बोलते, ते बकरीला उत्तर देतात, आणि बकरी दोघांकडे बघत रवंथ करते.

गेल्या हिवाळ्यात मी गावरान पिल्लं आणायचं ठरवलं. या घरात शेत सासऱ्यांचं, दुकान नवऱ्याचं, बकरीसुद्धा भासऱ्यांची. माझं म्हणावं असं हे पहिलंच काही, आणि ते जगलंच पाहिजे हे मी मनाशी घट्ट धरलं होतं. म्हणून वाशिमहून विकतची चांगली पेटी आणायची, असं मी नवऱ्याला सांगितलं. ते भासऱ्यांच्या कानावर गेलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी मी शेतातून आले तर माझी लोखंडी पेटी अंगणात होती. ही माझी माहेरची पेटी. झाकणाच्या आत आईने माझं नाव रंगवून घेतलं होतं. साड्या खाटेवर फेकलेल्या, पेटीच्या चारही बाजूंना भोकं, तळाशी सोयाबीनचं कुटार म्हणजे भुसा, मध्ये आमच्या ओसरीतला बल्ब, आणि त्या बल्बाशेजारी भासऱ्यांचं डोकं.

मी बकरीला म्हटलं, "सांग वं बकरीबाई, काही लोकाइले दुसऱ्याच्या मायनं देलेली वस्तू भोकं पाडासाठीच दिसते."

पेटीतून आवाज आला, "बकरे, काही लोकाइले पिल्लाहून पेटी मोठी."

"पेटी माही हाये म्हणाव."

"मंग पिल्लं कोणाची हायेत, इचार."

मी आठवडाभर त्यांच्या ताटात भाजी आपटून वाढली. पण पिल्लं आली ती त्याच पेटीत राहिली, आणि राहिली ती मजेत राहिली. याचा मला आणखीनच राग आला.

मग एक दिवस भासरे सकाळीच किन्हीराजा गावाला कोणासाठी तरी पेटी करायला निघून गेले. दिवस मावळता मावळता आमच्याकडची लाइन गेली. थंडी अशी, की हात पाण्यात घालवत नव्हता. नवरा दुकानात, घरात मी एकटी. बल्ब विझला आणि थोड्या वेळात पेटीतून चिरका ओरडा सुरू झाला. मी झाकण लावलं, वरून गोधडी टाकली, तर पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढायला लागली. खालची चेंगरत होती. माझ्या हातात माझंच एक पिल्लू मान टाकून पडलं, तेव्हा मला रडू फुटलं. भासऱ्यांचा नंबर फोनमध्ये होता, पण मी तो कधी लावला नव्हता. तो लावला. पलीकडून "हॅलो" आलं आणि मग दोघंही गप्प. मध्ये बकरी नव्हती.

"भाऊजी," मी म्हटलं, "लाइन गेली. पिल्लं मरून राह्यली."

ते एकदम खेकसले, "मडक्यात निखारे भर, वरून राख टाक, ताटलीनं झाक अन् पेटीच्या मंधात ठेव. झाकण अर्धं उघडं ठेवजो, नाईतर धुरानं मरतीन. सकाळीच सांगून निघालो होतो मी."

"मले नाई सांगतलं कोणी."

"बकरीले सांगतलं ना! तू मागच्या दारात होती."

"बकरीनं मले काही सांगतलं नाई, भाऊजी."

मी चुलीकडे धावले, मडकं भरलं, ठेवलं, गोधडी काढली. फोन चालूच होता. "फोन पेटीत धर," ते म्हणाले. मी धरला. किन्हीराजात उभे राहून ते माझी पिल्लं ऐकत होते. ओरडा हळूहळू उतरला, नुसती बारीक कुजबुज राहिली. "आता जगतीन," ते म्हणाले. "रडू नको, पोरी."

ते एक पिल्लू गेलं, बाकीची सगळी जगली. भासरे घरी आले ते तडक पेटीत डोकं घालून बसले आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात बकरीला म्हणाले की काही लोकाइले साधी गोधडी कुठं टाकावी हे समजत नाई. मी पुन्हा भाजी आपटली. पेटीच्या भोकांचा राग माझा अजून गेलेला नाही, आणि तो जाणारही नाही.

पिल्लांच्या कोंबड्या झाल्या आणि त्याच पेटीत आता दुसरी पिल्लं आहेत, तीही माझीच. अजूनही संध्याकाळी लाइन जाते. मडकं, राख, ताटली, अर्धं झाकण, मला सगळं पाठ झालं आहे. तरी मी स्वयंपाकघरातून फोन लावते. भिंतीपलीकडे ओसरीत अंधारात बसलेल्या भासऱ्यांच्या खिशात तो वाजतो, ते घसा खाकरून उचलतात, आणि मी विचारते, "भाऊजी, लाइन गेली. आता काय करू?"