हिटरच्या नळ्या

आईचं डायलिसिस पहाटेच्या पाळीत असतं. नाचणगावहून वर्ध्याला, आठवड्यातून दोनदा. दोन वर्षं झाली, गाडी मीच चालवते. आई त्याला 'रक्त धुणं' म्हणते. या डिसेंबरात गाडीचा ब्लोअर बंद पडला आणि तिने जाहीर केलं, "मी नाई येत आता. जाताना थंडी, येताना अंगात हुडहुडी. पुरे झालं मले." ती चेष्टा करत नव्हती. दोन पाळ्या चुकल्या तर काय होतं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

मी फ्यूज बदलला. मग डॅशबोर्डखाली बुक्क्या मारल्या. पंखा एकदा घरघरला आणि पुन्हा गप्प. शेवटी आईलाच शेजारी बसवून पुलगावच्या मिस्त्रीकडे गेले. त्याने मोटर काढली, तर आत कापूसच कापूस. गाडीशेजारीच आम्ही वेचणीची गाठोडी ठेवतो. त्यातलाच नेऊन उंदराने संसार थाटला होता.

"ताई, याची तर उशी होते," मिस्त्री म्हणाला. मला हसू आलं नाही. दोन वर्षांत माझी झोप कधी पुरी झालेली नाही.

मोटर साफ केली, छान फिरली. पण हवा थंडगार.

मिस्त्रीने बॉनेट उघडलं. "गरम पाण्याच्या नळ्याच बंद हायेत. मे महिन्यात तुम्हीच बंद करायले लावल्या ना? एसी गार होत नाई म्हणून?"

आठवलं. इकडे बरेच जण करतात. तेव्हा आई मागे बसून म्हणाली होती, "काऊन बंद करता? हिवाळ्यात लागन ना." आणि मी खेकसले होते, "वर्ध्यात हिटर कोण लावते, आई?"

माझा चेहरा उतरला. इंजिन निवेपर्यंत आम्ही दोघी उन्हात बसून राहिलो. मग त्याने नळ्या जोडून दिल्या.

घरी पोचेपर्यंत गाडीत चांगली ऊब झाली होती. आई उतरेना. "बसू दे जराशी," म्हणाली. गरम हवेसमोर हात धरून तिने विचारलं, "शुक्रवारी कितीक वाजता निघाचं?"

"साडेपाचले," मी म्हणाले, आणि मला रडूच फुटलं.