आजोबांचं बोलणं

नव्वदचं दशक संपता संपता मी सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाले. सिस्टर ही हाक मात्र राहिली. नाशिक रोडला आमच्या कॉलनीत तेव्हा घरोघर एकटी म्हातारी माणसं उरू लागली होती. मुलं पुण्याला, नाहीतर परदेशात. आईला बघायला एखादी बाई मिळेल का, असं विचारत कोणी ना कोणी माझ्या दारात यायचं. बाई मिळायची नाही, मिळाली तर टिकायची नाही. म्हणून मीच तरुण मुलामुलींसाठी म्हाताऱ्यांची सेवा शिकवणारा वर्ग काढला.

नुसती सेवा म्हटलं तर कोणी येणार नाही, हे ठाऊक होतं. मी यंत्रं पुढे केली. बॅटरीवरचं बीपीचं मशीन, रक्ताच्या थेंबावर साखर सांगणारं मशीन, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पंपावर फुगणारी गादी. हे काम आता हमालीचं राहिलेलं नाही, असं कॉलेजांतून सांगत फिरले. मुलं आली. पहिला आठवडा एकमेकांचं बीपी मोजण्यात मजेत गेला. मग अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कसं पुसून घ्यायचं, शौचाचं भांडं कसं द्यायचं, हे शिकवायला घेतलं आणि वर्ग विरळ झाला. एका मुलाचे वडील भेटायला आले. चिडले नव्हते. मॅडम, आम्हाला वाटलं तुम्ही कॉम्प्युटरसारखं काहीतरी शिकवताय, एवढंच म्हणाले.

शेवटी एक मुलगी टिकली. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची, बारावी झालेली, नाशकात द्वारका चौकाजवळ मामाकडे राहणारी. तिला मी आमच्याच गल्लीत, नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेल्या एका आजोबांकडे कामाला लावून दिलं. अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली होती आणि जीभ जड झाली होती. ते बोलायचे ते कोणाला म्हणजे कोणाला कळायचं नाही. असे पेशंट सांभाळण्यात माझा जन्म गेला, पण मलाही कळायचं नाही. तिला हळूहळू कळू लागलं. कसं, ते तिलाही सांगता येईना. बसून ऐकलं की येतं, म्हणायची.

आजोबांच्या अमेरिकेतल्या मुलानं घरात कॉम्प्युटर घेऊन दिला, वर छोटा कॅमेरा. रविवारी सकाळी ती आजोबांना धुतलेला सदरा घालून, चाकाच्या खुर्चीतून पडद्यासमोर आणायची. ते काहीतरी पुटपुटायचे आणि ती मागून सांगायची, "छोट्या नातीचा दात पडला का, इचारतायत." पडद्यावर मुलगा हसायचा, आजोबांचा डावा गाल हलायचा. वर्गाच्या पुढच्या तुकडीतल्या पोरांना मी मुद्दाम हे दाखवायला न्यायची. बघा, हे पण आपलंच काम आहे, असं सांगायची.

दुपारी आजोबा झोपले की ती त्याच कॉम्प्युटरवर टायपिंग करत बसायची. शीक, असं मीच म्हटलं होतं. वर्ष-दीड वर्षानं तिला पुण्यात एका कंपनीत नोकरी लागली. सांगायला आली, ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"सिस्टर, तिथं मला कोनी कामवाली म्हननार नाय," ती म्हणाली.

थांब म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण तिला थांबवून मी काय देणार होते? नीट राहा, जेवणखाण सांभाळ, असं काहीबाही बोलले. तिनं वाकून नमस्कार केला आणि गेली.

तिच्यामागून दोघीजणी आल्या आणि गेल्या. कॉलेजात पुन्हा बोलायला गेले, तर मुलांनी कॉम्प्युटरबद्दलच प्रश्न विचारले. रविवारी मग मीच आजोबांना पडद्यासमोर बसवू लागले. ते बोलायचे. मुलगा विचारायचा, बाबा काय म्हणतायत? मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. ते तेच पुन्हा म्हणायचे, मग आणखी एकदा, आणि मग मान फिरवून भिंतीकडे बघायचे.

एका रविवारी मी तिथे असताना तिचा पुण्याहून आजोबांकडे फोन आला. मी रिसीव्हर आजोबांच्या कानाला लावला. ते कितीतरी वेळ बोलत होते, इतकं बोलताना मी त्यांना पाहिलंच नव्हतं. मग ती मला म्हणाली, "मागचं दार उघडं ठिवा म्हनतायत. घुसमटतंय त्यांना." डास येतात म्हणून आम्ही ते दार रोज न चुकता लावून घेत होतो.

काही रविवार ती असा फोन करत राहिली, पुढे तिला रविवारीही ड्यूटी लागू लागली. फोन कमी झाले, मग थांबले. तिचं लग्न ठरल्याचं मामाकडून कळलं.

आजोबांच्या मुलानं अखेर त्यांची सोय पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात केली. जागा चांगली होती, प्रत्येक खाटेशी बेल होती म्हणे. न्यायला गाडी आली. मागच्या सीटवर उशा लावून त्यांना बसवलं, तेव्हा त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि बोलायला लागले. ड्रायव्हर खोळंबला होता. मी वाकून, कान त्यांच्या तोंडाशी नेऊन ऐकत होते. एक शब्द कळला नाही. हो आजोबा, हो, असं म्हणत राहिले आणि त्यांनी हात सोडायची वाट बघत राहिले.